ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं. वर्गात काय करू?

प्रश्न: परळच्या एका कॉलेजात मी 21 वर्षं अर्थशास्त्र शिकवते. पाच दिवसांचं ऑनलाइन ट्रेनिंग केलं. त्यात 15-20 अ‍ॅप्स भराभर दाखवली, वर्गात एकही वापरता आलं नाही. चार रविवार घालवून पाऊण तासाचा व्हिडिओ केला, तो 110 पैकी 9 मुलांनी उघडला. प्राचार्य म्हणतात, आणखी एक कोर्स करा. करू का?
– एक प्राध्यापिका

उत्तर: मॅडम, 9 म्हणजे बरेच की! लॉकडाऊनमध्ये मीही अकाउंट्सचा असाच लांबलचक व्हिडिओ पाठवला होता. मानखुर्दच्या एका मुलीने लिहिलं, "मॅम, दिवसाला दीड जीबी मिळतो, त्यातच भावाची शाळा." त्या दिवसापासून माझे व्हिडिओ बंद.

कोर्स लगेच नको. आधी मुलं दरवर्षी हमखास जिथे अडखळतात, अशी एक जागा धरा. माझी जागा घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी कमी होणारी वस्तूची किंमत. मशीन 1,00,000 रुपयांचं, दर 10 टक्के, डब्ल्यूडीव्ही पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर दर लावून, तिसऱ्या वर्षाचा घसारा किती? उत्तर 8,100. गूगल फॉर्मची क्विझ केली, त्यात हा एकच प्रश्न टाकला. पर्याय 10,000, 9,000 आणि 8,100. चुकीचे पर्याय उगाच भरीला घातले नव्हते. 10,000 लिहिणारा अजून स्ट्रेट लाइनमध्येच आहे, दरवर्षी मूळ किमतीवरच दर लावतोय; 9,000 वाला दुसऱ्या वर्षावरच थांबलाय. चुकीच्या उत्तराला आपोआप अभिप्राय जाईल अशी सोय फॉर्ममध्ये असते, तिथे लिहिलं: 'आधीच्या दोन्ही वर्षांचा घसारा वजा केलास?' रात्री फॉर्म पाठवला. सकाळच्या लोकलमध्ये उत्तरं पाहिली, निम्मा वर्ग 10,000 वर. फळ्यावर काय मांडायचं ते दादर यायच्या आत ठरलं.

तुमच्याकडे 'मागणीचा विस्तार' आणि 'मागणीतील वृद्धी' आहेच. कांदा स्वस्त झाला म्हणून जास्त घेतला की विस्तार, त्याच भावात पगार वाढला म्हणून जास्त घेतला की वृद्धी. मागणी वक्रावरचा बिंदू सरकतो की अख्खा वक्र, एवढंच विचारा.

फॉर्म बनवायला स्टाफरूममधल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला शेजारी बसवा, पण माउस तुमच्याच हातात ठेवा. त्याने करून दिलं की तुम्ही पुन्हा आहात तिथेच. बदल्यात त्याला पेपर सेटिंग शिकवा, त्यात तो गटांगळ्या खात असणार. घरी एकट्याने शिकायचं तर आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतही आहेत. थोडं बघायचं, थांबवायचं, तेवढं स्वतः करायचं, अशीच ती बेतलेली आहेत.

प्रमोशनसाठी रिफ्रेशर कोर्स लागतो, ते कोणाला चुकलंय? विद्यापीठाच्या कलिना संकुलात त्यासाठी केंद्र आहे. आमच्या वेळचं अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेज, 2023 पासून मालवीय मिशन या शिक्षक प्रशिक्षण योजनेचं. जाताना मुलांच्या चुकलेल्या उत्तरांचा कागद पर्समध्ये ठेवा आणि शिकवणाऱ्याला तिथेच विचारा, याला तुमच्या 15 अ‍ॅप्सपैकी कुठलं चालेल?

आणि हो, तो व्हिडिओ फेकू नका. त्यातला तुमचा सगळ्यात आवडता भाग पाच मिनिटांत बोलून ऑडिओ करा, मुलं गाडीत ऐकतील. माइक विकत घ्यायला धावू नका, आधी पंखा बंद करा.