हायटेन्शन तारांजवळ काम करून वायरमनला कॅन्सर होतो का? यावर काही संशोधन झालं आहे का?

ताई, तुमचा भाऊ विद्युत सहायक म्हणून नुकताच लागला, आणि कोणीतरी मोबाइलवर काहीबाही दाखवून तुमच्या आईला घाबरवलं, असं तुम्ही लिहिलंय. मी चोपडा तालुक्यात लाइनवर उभी नोकरी काढली आहे. आईला सांगा, तारांच्या चुंबकीय क्षेत्राची धास्ती सोडा. धास्ती धरायचीच तर बंद लाइनची धरा.

संशोधन झालंय, आणि भरपूर झालंय. कॅनडा आणि फ्रान्समधल्या वीज कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख कामगारांचा अभ्यास १९९४ साली छापून आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सॅविट्झ आणि लूमिस यांनी पाच कंपन्यांच्या १ लाख ३८ हजारांहून जास्त कामगारांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या अभ्यासात रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकाराकडे बोट गेलं, दुसऱ्यात रक्ताच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही पण मेंदूच्या कॅन्सरचा थोडा दिसला. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या क्षेत्राला '२ ब' गटात टाकलं, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा तोकडा. तेही मुख्यतः लहान मुलांवरच्या अभ्यासांमुळे, लाइनमनमुळे नाही.

आता मला खटकतं ते सांगतो. कामगारांवरचे हे अभ्यास कंपन्यांच्या मस्टरवरच्या माणसांचे आहेत. आपल्याकडे खांबावर चढणारा निम्म्या वेळी ठेकेदाराचा पोरगा असतो. त्याचं नाव मस्टरवर नाही, मग उद्या इथे कोणी असा अभ्यास केला तरी तो त्यात येणार कसा?

वायरमनचा जीव खरा कशाने जातो, यावरही काम झालंय, पण ते कोणी मोबाइलवर फिरवत नाही. अमेरिकेत चार्ल्स डालझील नावाच्या प्राध्यापकांनी माणसांवर प्रयोग करून मोजलं की हातात धरलेली तार किती करंटपर्यंत सोडता येते. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर. घरातल्या जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बातून याच्या सुमारे सोळापट करंट वाहतो. त्यात आपला मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर, रबरी हातमोज्यात घामाचं पाणी साचतं, बोटं पांढरी पडतात. ओल्या कातडीचा रोध कोरडीपेक्षा कितीतरी कमी, आणि नेमका अशाच वेळी पोरगा मोजे काढून कमरेला खोचतो. त्याला आळशी म्हणणाऱ्याने एकदा भर दुपारी ते घालून पाना फिरवून बघावा.

एका वर्षी मृगाच्या आधी वादळ झालं. केळीच्या बागा आडव्या, खांब वाकलेले, ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनचे जंपर, म्हणजे तारा एकमेकींना जोडणारे तुकडे, ठिकठिकाणी तुटलेले. उपकेंद्रातून लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, खांबावरचा लाइन तोडणारा एबी स्विच उघडून कुलूप घातलं, टेस्टर लावून पाहिला. लाइन मेलेली. मी डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारा जमिनीला जोडायचे दांडे, काढायला लागलो तर अमळनेरकडचा हेल्पर म्हणाला, "आबा, लाइन बंद शे ना, मंग रॉड कसाले?" तेवढ्यात साहेबांचा फोन. गावोगावचे सरपंच त्यांना छळत होते, तेही खरंच. म्हणाले, "परमिट आहे, टेस्टर लावला, आता रॉडचे लाड कशाला? लवकर चालू करा."

मी ऐकलं नाही. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा रॉडने एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या, मगच पोराला वर चढवलं. त्याने पट्टा बांधला, जंपर हातात धरला, आणि पलीकडच्या रॉडच्या हुकापाशी चटचट ठिणग्या उडाल्या. बागेच्या पलीकडून एका जनरेटरचा आवाज नुकताच सुरू झाला होता, तो घरघरत बसला.

केळी पिकवण्याच्या चेंबरवाल्याने स्वतःच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर एवढंच जोडणारा स्विच, न लावताच जनरेटर जोडला होता. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. वरून ११ हजार व्होल्ट आले की खाली ४३३ देतो, खालून ४३३ घातले की वर ११ हजार उभे करतो. टेस्टर खरंच बोलला होता, कारण तेव्हा जनरेटर बंद होता. टेस्टर फक्त त्या घटकेचं सांगतो. नंतर येणाऱ्या करंटला वाट करून देतो तो रॉडच. पोरगा खाली उतरला, पाणी प्यायला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मी साहेबांना म्हटलं, हे लिहून वर पाठवा. ते म्हणाले, "कोणाला लागलं नाही ना? मग रिपोर्ट कसला?" पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये हेच साहेब अपघातांचं कारण 'कामगाराचा निष्काळजीपणा' सांगायचे, आणि प्रत्येक वेळी मी उठून बोलायचो. माझं म्हणणं आजही तेच आहे. त्या दिवशी रॉड नसता तर कागदावर हेल्परचा निष्काळजीपणा आला असता. चेंजओव्हर नव्हता हे आलं नसतं, फोनवरची घाई तर मुळीच आली नसती. हुकलेला अपघात लिहिला जात नाही, म्हणून पुढचा होतो. वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी होऊ शकते, पण माणूस वाचला की आपल्याकडे सगळेच गप्प बसतात.

भावाला हे सांगा. रॉड लावताना आधी जमिनीकडचं टोक पक्कं करायचं, मग तारेला हुक अडकवायचा, काढताना उलटं. ११ केव्हीला क्लास २ चे हातमोजे लागतात, ते १७ हजार व्होल्टपर्यंतचे असतात. रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत जाऊन हवा दाबून बघायची, कुठे फुसफुसलं तर तो मोजा बाद. टेरिकॉटचा शर्ट घालू नये, सुती घालावा. तारेला हात न लावताही नुसत्या आर्कच्या झळीने माणूस भाजतो, हे राल्फ ली यांनी १९८२ सालीच मांडलंय, आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतो.

एक राहिलं. मी डॉक्टर नाही. कामगारांसाठी ५० हर्ट्झच्या, म्हणजे आपल्या विजेच्या, चुंबकीय क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून १००० मायक्रोटेस्ला आहे, आणि ११ केव्हीच्या खांबाखाली उभं राहून तिच्या जवळपासही कोणी जात नाही. मोठ्या उपकेंद्रात बदली झाली तर चौकशी जरूर करावी. कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर ही मर्यादा त्याच्यासाठी नाही, त्याने आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं.

आणि परमिट ज्याच्या सहीने घेतलं त्यानेच परत करायचं. साहेबांनी फोनवर "सगळे उतरले ना?" विचारलं तर भावाने खाली उतरलेली माणसं आणि काढलेले रॉड स्वतः मोजल्याशिवाय हो म्हणू नये.