त्सुलासुंग आलं म्हणजे ॲडमिशन झाली असं नव्हे

तुझे प्रश्न बहिणीने पाठवले. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे तुझ्याबरोबरच्या इतरांनाही संदर्भ लागेल. मेकॅनिकलचं शेवटचं सत्र संपलंय, निकाल यायचाय. जर्मनीत मास्टर्ससाठी दोन प्रवेशपत्रं आली आहेत, एक स्टुटगार्टचं आणि एक माग्डेबुर्गचं. तू विचारतेस: रँकिंग कुणाचं बरं, पार्टटाइम किती मिळेल, तिकीट आधी काढू की खोली आधी शोधू, जर्मन भाषेच्या ए२ पातळीवर भागेल का, आणि कुकर आणू का.

मी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सांगलीहून माग्डेबुर्गला आलो. तेव्हा माझीही यादी साधारण अशीच होती, आणि ज्या गोष्टीवर सगळं अडतं तीच त्यात नव्हती. ती म्हणजे एनरोलमेंट.

इथे दोन वेगळे शब्द आहेत. त्सुलासुंग म्हणजे विद्यापीठ म्हणतं, तुला जागा देतो. इमाट्रिकुलाट्सिओन म्हणजे तुझं नाव खरोखर दाखल झालं. आपल्याकडे कॅप राउंडला सीट अलॉट होते, पण कॉलेजात जाऊन कागद दाखवेपर्यंत ती तुझी नसते, तसंच हे. तुझ्या हातात अलॉटमेंट आहे. ती स्वीकारतो असं ऑनलाइन कळवायलाही बहुतेक ठिकाणी मुदत असते. पत्राचं दुसरं पान वाच, तिथे तारीख सापडेल. ती चुकली तर जागा पुढच्याला जाते. शिवाय त्सुलासुंग साधारणपणे त्याच सत्रापुरतं असतं. 'पुढच्या वर्षी येते' म्हटलं तर बहुतेक ठिकाणी पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

आता एनरोलमेंटला काय लागतं ते बघ. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद तुझ्या पदवीचा आहे. निकाल लागल्यावर कन्सॉलिडेटेड मार्कशीट आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात यायला किती आठवडे लागतात, ते आत्ताच परीक्षा विभागात जाऊन विचार. प्रोव्हिजनल विद्यापीठाचं हवं. प्राचार्यांच्या सहीचं बोनाफाईड इथे पदवीच्या जागी चालत नाही. खरी डिग्री दीक्षांत समारंभानंतर मिळते आणि तोवर तुझं पहिलं सत्र निम्मं झालेलं असेल. काही विद्यापीठं पदवीचे कागद नंतर द्यायची सवलत देतात, काही देत नाहीत. म्हणून दोन्ही ठिकाणी आजच ईमेल टाक: 'प्रोव्हिजनल चालेल का आणि मूळ पदवी कोणत्या तारखेपर्यंत हवी?' उत्तर लेखी घे, आणि छापून फाइलमध्ये ठेव.

दुसरा कागद आरोग्य विम्याचा, आणि इथे घाईने केलेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. तू विमा निवडलास की विमा कंपनी परस्पर विद्यापीठाला डिजिटल कळवते, आणि ते कळल्याशिवाय नाव दाखल होत नाही. ब्लॉक अकाउंटबरोबर (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच ठेवून दर महिन्याला हप्त्याने मिळतात ते खातं) जी पॅकेजं विकतात त्यांत कधीकधी स्वस्त खाजगी विमा असतो. तो घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितलीस तर शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्यात परत येता येत नाही. महिन्याला थोडे युरो वाचतात म्हणून हे करू नकोस. प्रवासासाठी जो तात्पुरता विमा काढशील तो एनरोलमेंटपर्यंतचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट सेमिस्टर फी. ही ट्यूशन फी नव्हे. विद्यार्थी संघटना, मेस-वसतिगृह चालवणारी संस्था आणि बहुतेक ठिकाणी प्रवासाचं तिकीट यांचे मिळून ते पैसे असतात. रक्कम फार नाही, पण ती वेळेत पोचली पाहिजे आणि 'फेरवेंडुंग्सत्स्वेक' (पैसे कशासाठी) या रकान्यात विद्यापीठाने दिलेला मजकूर अक्षरशः तसाच हवा. मी बाबांना फोनवरून आकडा सांगताना एक अंक गाळला. पैसे गेले, पण कुणाच्या नावावर ते विद्यापीठाला कळेना. अकरा दिवस मी इथे आणि माझं नाव दाखल नाही, अशी अवस्था. आणि नाव दाखल झाल्याचा दाखला नसेल तर विद्यार्थी म्हणून नोकरी नाही, प्रवासाचं तिकीट नाही, रेसिडेन्स परमिटचा अर्जही पुढे सरकत नाही.

म्हणून क्रम असा लाव: आधी पदवीचे कागद आणि व्हिसा, मग सेमिस्टर फी, मग खोली, सगळ्यात शेवटी विमानाचं तिकीट. व्हिसाचा अर्ज अजून केला नसशील तर हे वाचणं थांबव आणि तो कर. एपीएस, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदांची जर्मन पडताळणी, तुझं झालंच असेल. भारतीयांना ते २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, आमच्या वेळी नव्हतं. व्हिसा लांबतोय असं दिसलं तर मुदत संपायच्या आत विद्यापीठाला लिही, की उशिरात उशिरा किती तारखेपर्यंत नाव दाखल करता येईल. मुदत संपल्यावर लिहिलेल्या ईमेलला इथे फारशी किंमत नाही.

पैशांचं: ब्लॉक अकाउंट आता वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. (मी आलो तेव्हा ८,६४० होतं. तेव्हाही बाबांना ते फार वाटलं होतं.) पण हे पैसे आल्या दिवशी मिळत नाहीत. आधी खोली, मग पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग, मग इथलं बँक खातं आणि मग पहिला हप्ता. मधल्या काळात डिपॉझिट द्यावं लागतं आणि ते कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. म्हणून फॉरेक्स कार्डवर दीड-दोन हजार युरो वेगळे ठेव. खोली घेताना घरमालक नोंदणीसाठी लागणारं पत्र देणार का, हे आधी विचार. 'राहा, पण नोंदणी नको' म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस.

रँकिंग बाजूला ठेव. दोन्ही कोर्सचं मोड्यूलहांडबूख, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, आणि प्र्यूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेचे नियम, उतरवून घे आणि कंटाळा आला तरी वाच. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये येतं. तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ पासून सत्राला १,५०० युरो ट्यूशन फी आहे. चार सत्रांचे ६,००० झाले, आणि पाचवं सत्र लागलं तर आणखी १,५००. शहरही महाग. उलट बॉश, मर्सिडीज, पोर्शे तिथेच आहेत, ही गोष्ट मेकॅनिकलवाल्याने दुर्लक्षित करण्यासारखी नाही. मी तुझ्या जागी असतो तर कर्जाचा आकडा बघून माग्डेबुर्ग घेतलं असतं. पण तुला कुठले विषय हवेत ते मला माहीत नाही.

परीक्षांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. इथे केटी, म्हणजे नापास विषय घेऊन पुढे जात राहायची आपल्याकडची सोय, नाही. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेचे तीन प्रयत्न मिळतात. सक्तीच्या विषयात तिसराही गेला तर तो कोर्स संपला, आणि जर्मनीत दुसरीकडे तोच कोर्स सहसा घेता येत नाही. वर्गाला बसणं आणि परीक्षेला नाव देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिलं, मागे घेतलं नाही आणि गेली नाहीस, तर सहसा थेट ५.० म्हणजे नापास, एक प्रयत्न गेला. माझ्या रूममेटने पहिल्याच सत्रात आपल्याकडच्यासारखी सात विषयांना नावं दिली, तीन गेले, आणि पुढचं दीड वर्ष तो त्या तिघांच्या मागे होता. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास. सत्राचे ३० क्रेडिट म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. पहिल्या सत्रात २० घेतलेस तरी कुणी हसत नाही.

मात्र कमी घेतलेस तर कोर्स लांबतो, आणि याचा हिशेब कर्ज घेतानाच करायचा. आपल्या बहुतेक बँकांचा मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते सुरू न होण्याचा काळ, कोर्सचा काळ अधिक एक वर्ष असा असतो. कागदावर दोन वर्षं लिहिलीस आणि थीसिस धरून तीन लागली, तर नोकरी शोधतानाच हप्ते सुरू होतात. बँकेशी तीन वर्षांचं बोल.

पार्टटाइम: नियमाने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं 'हिवी'चं, म्हणजे विद्यार्थी सहायकाचं, काम त्यात मोजत नाहीत. पहिल्या सत्रात कमाई शून्य धर. जर्मन ए२ वर इंग्रजी कोर्समध्ये नाव दाखल होईल, नोकरी शोधताना रडशील. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात बी१ ची तारीख मिळत असेल तर देऊन ये.

नाव एकदा दाखल झालं की सुटलो असंही नाही. दर सत्राला र्‍युकमेल्डुंग, म्हणजे पुढच्या सत्राची फी मुदतीत भरणं. विसरलीस तर नाव काढून टाकतात. फोनमध्ये आत्ताच दोन आठवणी लावून ठेव.

आणि हो, कुकर आण. इथे बहुतेक घरांत काचेची सपाट शेगडी असते, तेव्हा तळ सपाट बघून घे. इंडक्शनही चालेल असाच घे. रबरी रिंगा दोन जादा.