माळ्यावरचं रीळ आणि देवघरातला कापूस

प्रश्न : काका, मामाने त्याची फायबरची गळकाठी आणि रीळ मला दिलंय. दोन वर्षं माळ्यावर पडून होतं. रीळ फिरवताना करकर वाजतं, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) मात्र दिसायला ठीक आहे. गणपतीनंतर गंगापूर धरणावर जायचा बेत आहे. हेच वापरू की नवा सेट घेऊ? सोबत एक फेकायचं जाळंही आहे, ते उंदराने दोन ठिकाणी कुरतडलंय.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : काका म्हणालास, तर अरे-तुरे चालवून घे. नवा सेट घेऊ नकोस, तंगूस तेवढा बघ. दिसायला ठीक असणं हा त्याचा जुना लबाडपणा. नायलॉन उन्हाने, उष्णतेने ठिसूळ होतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात पापडसुद्धा भाजून निघतील. हातभर तुकडा तोड, मध्ये साधी गाठ मार, भिजवून ओढ. कट्कन तुटला तर सगळा फेक. ताण खाऊन तुटला तरी पुढचे आठ-दहा हात कापच, दगडाला आणि काठीवरच्या कड्यांना घासतो तो तेवढाच. कापलेले तुकडे घरच्या कचऱ्यात टाक, काठावर टाकलेस तर बगळ्यांच्या पायात अडकतात.

आता कड्या. मी अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो. मायक्रोमीटरवर पोट भरलं, पण माझ्याच काठीच्या टोकाच्या कडीतली केसाएवढी चीर मला दिसली नाही. धरणावर गंगाव्हऱ्याच्या बाजूला पहाटे कटला मासा लागला, चांगला दांडगा. दोन-तीन मिनिटं ओढाताण झाली आणि तंगूस ब्लेडने कापावा तसा तुटला. दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत घरी आलो. बायको वाती वळत बसली होती. तिच्यासमोरचा कापूस सहज कडीतून ओढला, तर तंतू अडकले! तेव्हापासून दर श्रावणात मी कापूस मागतो आणि ती विचारते, “देवाला की माशाला?” तूही प्रत्येक कडीतून कापूस ओढ. अडकला तर कडी बदल, पॉलिश पेपरने घासून भागत नाही.

करकर म्हणजे बहुधा वाळलेलं ग्रीस आणि त्यात बसलेली बारीक वाळू. बाजूचे स्क्रू काढ, निघेल तो भाग क्रमाने वर्तमानपत्रावर मांड, मोबाइलवर फोटो काढत जा. धातूचे दाते रॉकेलने जुन्या टूथब्रशने धू. वाळले की दात्यांना थोडं ग्रीस आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच! जास्त घातलंस तर पुढच्या वेळी वाळूचा चिखल निघेल. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस किती ताणावर सुटेल ते ठरवणाऱ्या ब्रेकच्या, चकत्यांपर्यंत तेल जाऊ देऊ नकोस. आणि रीळ ठेवून देताना ड्रॅग नेहमी सैल सोड, आवळून ठेवला की चकत्या दबून बसतात. तुझ्या मामाने आवळूनच ठेवला असणार.

गळ नखावर हलकेच ओढून बघ. रुतला तर ठीक, घसरला तर बोथट. गंजका असेल तर सरळ फेक. नवा बांधताना गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो.

जाळं धुऊन सावलीत वाळव. उंदीर नायलॉनला नाही, माशाच्या वासाला आला होता. भोकाभोवतीचे लोंबते धागे नीट कापून त्याच मापाच्या घराने सांधावं लागतं. ते लिहून शिकवता येत नाही, जाळं विणणाऱ्या एखाद्या भोईदादापुढे मांडी घालून बस. पण धरणावर ते नेऊ नकोस. तिथल्या मासेमारीचा ठेका सहसा सहकारी संस्थेकडे असतो, बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, त्यांनी विकत आणून सोडलेली असतात. गळ टाकायचा तरी आधी त्यांना विचार. नांदूरमध्यमेश्वरला तर काहीच नेऊ नकोस, ते पक्षी अभयारण्य आहे.

गणपतीनंतर म्हणालास, तरी तारखेपेक्षा पाणी बघ. धरणातून विसर्ग चालू असेल आणि नाशिकला गोदाकाठचा दुतोंड्या मारुती कमरेएवढ्या पाण्यात उभा असेल, तर काठी घरीच राहू दे.

धुऊनही करकर गेली नाही, तर दात्यांचा जवळून काढलेला फोटो पाठव. झिजलेत का ते बघून सांगतो.