प्रश्न लिहायला बसशील तेव्हा

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या कार्यालयात तुला काम मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात अधिवेशनाचे प्रश्न तयार करायला बसवलं, हे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. बावीस वर्षं मी हेच काम केलं, त्यामुळे राहवलं नाही.

एक गोष्ट आधी मनात पक्की बसव. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मंत्री लिहीत नाहीत. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात जातो, तिथे कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला उतरतो. तालुक्यात तो बहुतेक वेळा त्याच शाखा अभियंत्यापुढे येऊन पडतो, ज्याच्या कामाची तक्रार असते. तो जे लिहून देतो तेच भाषा सुधारत सुधारत वर चढतं आणि सभागृहात वाचलं जातं. म्हणून प्रश्न लिहिताना डोळ्यांसमोर मंत्री आणू नकोस, तो अभियंता आण. त्याला निसटायला कुठे फट आहे ते शोध आणि ती आधी बुजव.

माझ्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं सांगतो. एक म्हातारी कार्यालयात आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली लोकवर्गणीची पावती तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पैसं घेतलं, पाणी कुठं हाय?" गावात टाकी उभी, नळ बसवलेले, पण डोक्यावरचा हंडा काही उतरला नव्हता. मी तावातावाने प्रश्न लिहिला: नळपाणी योजनेचे काम निकृष्ट झाल्याने ती दोन वर्षांपासून बंद असून ग्रामस्थांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर आलं: हे खरे नाही. खालच्या दोन्ही भागांना: प्रश्न उद्भवत नाही.

मी चिडलो. पण साहेबांनी मला समोर बसवून माझंच वाक्य वाचून दाखवलं. एका वाक्यात तीन आरोप कोंबलेत, म्हणाले. यातला एक जरी खोटा ठरला तरी तो सगळ्यालाच "खरे नाही" म्हणून मोकळा होतो. "निकृष्ट" हे तुझं मत. "बंद" म्हणशील, तर पोळ्याला दोन दिवस पाणी सोडलं असेल. "हाल" कुठल्या कागदावर असतात?

पुढच्या अधिवेशनात प्रश्न पुन्हा दिला. या वेळी विशेषण एकही नाही, नुसत्या तारखा मागितल्या. योजनेची चाचणी कोणत्या तारखेला झाली? ठेकेदाराला अंतिम देयक कोणत्या तारखेला दिले? पंपाला वीजजोडणी कोणत्या तारखेला मिळाली? या तिन्ही तारखा सरकारी दप्तरात असतातच, त्या नाकारता येत नाहीत. उत्तर छापून आलं तेव्हा चाचणी आणि देयक दोन्हींच्या तारखा होत्या, आणि वीजजोडणीपुढे "प्रक्रिया सुरू आहे". त्या उत्तरावर साहेबांनी सभागृहात लगेच विचारलेला उपप्रश्न एका ओळीचा होता: वीजच नव्हती, तर पंपाची चाचणी घेतली कशी? मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या बाकांकडे पाहिलं, एक चिठ्ठी आली, ती वाचून त्यांनी बाजूला ठेवली आणि चौकशीची घोषणा केली.

उपप्रश्नाचं मोल माझ्या तेव्हा ध्यानात आलं. हा हक्क सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा दिली, उपप्रश्नाची नाही. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले, तेव्हा सरकार देईल ते उत्तर ऐकून घ्यायचं, एवढंच हाती होतं. उपप्रश्न आला १९०९ च्या कायद्याने, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्यासाठी. त्यामुळे आमदार उपप्रश्नाच्या नावाखाली भाषण करायला लागले की मला आजही वाईट वाटतं. तुझ्या साहेबांना उपप्रश्न एका ओळीत लिहून दे, मोठ्या अक्षरात.

दुसरं, वेळ साध. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. टँकरचा प्रश्न लोक मे महिन्यात घेऊन येतात, तो पावसाळी अधिवेशनात लागतो, आणि तोवर पाऊस पडून "सद्यःस्थितीत टंचाई नाही" असं उत्तर तयार असतं. टंचाईचा प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी द्यायचा, विहिरींचा तळ दिसायच्या आत. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नांच्या, यादीत नाव लागलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, तासाभरात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात. मला स्वतःला अतारांकित प्रश्न जास्त आवडत. त्यांना टीव्ही नाही, आरडाओरडा नाही, पण लेखी उत्तर हातात पडतं आणि ते पुढे ग्रामसभेत, गरज पडली तर कोर्टातसुद्धा दाखवता येतं.

आता एक नाजूक गोष्ट. प्रश्न दिल्याचा सुगावा लागला की ठेकेदार कार्यालयात येतील. गोड बोलतील, चहाला बसतील, "आपसांत मिटवू" म्हणतील. माझ्या टेबलावरही एकदा मिठाईचा पुडा आला होता, मिठाईच्या मानाने फार जड. तो मी न उघडता सर्वांसमोर परत दिला. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने ११ खासदारांना काढून टाकलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. ते उघडकीला आलं म्हणून कळलं. मागे घेतलेल्या प्रश्नाची तर बातमीही होत नाही. म्हणून मसुदा कुणाला दाखवू नकोस आणि प्रश्न मागे घ्यायला सांगितलं, तर कारण लेखी माग. साहेब रागावले तरी माग.

मंत्र्यांनी सभागृहात "तपासून घेऊ", "महिनाभरात करू" म्हटलं की ती तारीख वहीत टिपून ठेव. आश्वासनांचा पाठपुरावा करायला सभागृहाची वेगळी समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. समितीला पत्र लिहायचा कंटाळा करू नकोस. पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत, पण लोकांनी त्यांना नाव दिलं पाणीवाली बाई. ते नाव एका भाषणातून मिळत नाही. तोच विषय वर्षानुवर्षं धरून ठेवावा लागतो.

आणि छापील उत्तर फाइलला लावून थांबू नकोस. ते ज्याच्या तक्रारीवरून आलं, त्याच्या घरी घेऊन जा. त्या म्हातारीच्या ओट्यावर बसून मी उत्तर मोठ्याने वाचलं. त्यात एक वाक्य होतं, गावात चार हातपंप सुरू असून पर्यायी व्यवस्था उपलब्ध आहे. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक शाळेपाशी, एक देवळामागं, एक पाटलाच्या वाड्यात. चौथ्या बोटाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिथेच खिशातली वही काढून मी पुढच्या अधिवेशनाचा पहिला प्रश्न लिहिला.

तुझा,
काका