बकरी ईदची कुर्बानी नेमकी कधी करायची आणि मांसाचे तीन वाटे सक्तीचे आहेत का?

वाटे सक्तीचे नाहीत. घर, नातलग-शेजारी आणि गरीब असे तीन भाग करणं उत्तम, इतकंच.

वेळ मात्र काटेकोर. ईदच्या नमाजाआधी सुरी फिरवली, तर ती कुर्बानी धरली जात नाही, ते नुसतं मांस. हनफी मतानुसार (हनफी आणि शाफई हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन पंथ) मुदत १० ते १२ जिल्हिज (इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना, १० तारखेला ईद), सूर्यास्तापर्यंत. कोकणी मुस्लीम बहुतांशी शाफई, त्यांच्याकडे १३ तारखेपर्यंत.

बकरा हनफी मतानुसार वर्षाचा पूर्ण हवा (शाफईंकडे दोन), आंधळा, लंगडा किंवा आजारी नको. नेहमीची चूक खाटकाच्या मजुरीत होते: मजुरी म्हणून कातडं किंवा मांस देता येत नाही, पैसेच द्यायचे. भेट म्हणून वेगळं मांस दिलं तर चालतं.