आधी वही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चहा अर्धा टाकून गेलीस. काकू म्हणाली, "पोरीला लागलं असणार काहीतरी, तुम्ही फार बोललात." मला नाही तसं वाटत. उलट जे बोलायला हवं होतं ते तू जिना उतरून गेल्यावर सुचलं. फोनवर लिहिणार होतो, पण फोनवर तू वाचतेस कमी आणि अंगठा दाखवतेस जास्त. म्हणून कागद.

तू म्हणालीस, "काका, एखादा गेम मला आवडला की नाही हेच मला कळत नाही. लोक काय म्हणतात ते बघितलं की मग कळतं." हसत हसत म्हणालीस. मी हसलो नाही, ते तुला लागलं असेल तर माफ कर. हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतःशी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, आणि त्याची किंमत काय झाली ते खाली सांगतो.

गेम खेळणं म्हणजे वेळ घालवणं का, त्यावर लिहून पोट भरतं का, हे विषय आपण सोडून देऊ. तुझ्या आईशी ते भांडण तू जिंकलीस, माझ्या आईशी मी हरलो, संपलं.

'सध्या लोक काय खेळतायत' म्हणून तू केलेली यादी मी नीट वाचली. एकोणीस नावं, त्यातले पुरे केलेले दोन. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेम अर्धा सोडणं हे पान न संपवता उठण्याइतकं पाप नाही. माझी तक्रार 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' या गेमवरच्या तुझ्या तीन मेसेजांबद्दल आहे. मी ते पुसलेले नाहीत, म्हातारा माणूस काही पुसत नाही.

पहिला मेसेज रात्री साडेबाराचा. गुस्ताव्ह बंदरावर सोफीचा हात धरून उभा आहे, लांब त्या प्रचंड शिळेवरचा आकडा बदलतो (कुठल्या वयाची माणसं विरणार ते त्यावरून ठरतं) आणि सोफी त्याच्यासमोर पाकळ्या होऊन विरते. तू लिहिलंस, "काका, ती पाकळ्या झाली तेव्हा आजीच्या उशाशी ठेवलेली शेवंती आठवली. गेम बंद करून बसलेय." तीन दिवसांनी दुसरा मेसेज: "ओके आहे, पण थर्ड ॲक्टमध्ये पेसिंग गंडलंय." अगं, तिसऱ्या अंकाची गती बिघडली म्हणतेस, तू तेव्हा पहिला अंकसुद्धा ओलांडला नव्हतास! मग डिसेंबर २०२५ मध्ये त्या गेमला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं बक्षीस मिळालं आणि तुझा तिसरा मेसेज आला: "मास्टरपीस आहे." पुढे तीन टाळ्या.

तीन मतं. त्यातलं तुझं कुठलं, ते मी सांगायला हवं का? बाकीची दोन उष्टी होती. आणि गंमत म्हणजे जे तुझं होतं त्याचीच तुला लाज वाटली. रविवारी मी शेवंतीचा विषय काढला तर म्हणालीस, "ते सोडा हो, ते काय रिव्ह्यू थोडंच आहे." तेच होतं, पोरी. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या त्या लोकांनी बनवलेल्या दृश्यातून मुलुंडच्या एका मुलीला आपल्या आजीच्या उशाची शेवंती दिसली, हे दुसरं कोण लिहिणार आहे?

म्हणून आधी वही, मग जग. ज्या रात्री खेळशील त्याच रात्री वहीत पाच ओळी लिहायच्या, आणि त्या लिहून होईपर्यंत कुणाचा व्हिडिओ, कुणाचे तारे, कुणाची यादी बघायची नाही. मैत्रिणीला फोनही नाही. आधी वही.

आता किंमत सांगतो.

आम्ही लालबागला राहायचो तेव्हा चाळीच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ पार्लर होतं. एका रुपयाला एक डाव. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' तिथे होता, पण ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, म्हणून गेमच मुस्तफा. त्यातला दुसरा गडी मेस. तिथली पोरं जी मतं द्यायची ती मी आजही विसरलो नाही. "मुस्तफा घे, पळतो." "मेसचा हात जड आहे, पण वळेपर्यंत मार खातो." "तिसऱ्या स्टेजला गाडी मिळते, तोवर जीव वाचव." एकही शब्द फुकट नाही, कारण रुपया स्वतःचा गेलेला असायचा. आम्हाला कुणाला विचारायची सोयच नव्हती आणि तीच आमची शिकवणी होती. (आमच्या वेळी सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. त्या पार्लरमध्ये विड्यांचा धूर इतका असायचा की आईला वासावरून कळायचं.)

पुढे नोकरी लागली, पगारपत्रकं बनवायची. मग लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून कॉम्प्युटर जोडला. एका मासिकात महिन्याला एक पान मिळालं, नव्या गेमबद्दल मराठीत लिहायला. हवेत होतो मी.

२००२ मध्ये 'माफिया' आला. चेकोस्लोव्हाकियातला (चुकलो, तेव्हा चेक प्रजासत्ताक झालं होतं) ब्रनो शहरातला गेम. १९३० च्या दशकातलं अमेरिकेतलं एक काल्पनिक शहर, लॉस्ट हेवन. गाड्या त्या काळच्या, चढाला धापा टाकणाऱ्या. सिग्नल तोडला किंवा ताशी ४० मैलांच्या वर गेलं की पोलीस मागे लागायचे. आणि त्या शहरात ट्राम होती.

एका संध्याकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. गिरणी गेल्यावर ते फारसं बोलत नसत. पडद्यावर ट्राम वळली तशी म्हणाले, "हिच्या मागे मागे घे." मी घेतली. मिशन राहिलं बाजूला. तासभर आम्ही बापलेक त्या ट्रामच्या मागून फिरत होतो. ती थांबली की मी थांबायचो. बाबा सांगत होते, आपल्याकडे दुमजली होत्या, वरती वारा कसा लागायचा, तिकीट चुकवून कसं उतरायचं. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते, रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. ज्या माणसाशी माझं 'जेवलात का' याच्यापुढे बोलणं होत नसे, तो तासभर बोलत होता, एका चेक गेममुळे.

मग मी काय लिहिलं? दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून परदेशी परीक्षणं वाचली. कुणी म्हणत होतं गाड्या संथ आहेत, कुणी म्हणत होतं एवढं मोठं शहर पण करायला काही नाही, 'जीटीए ३' या गेमची सर नाही. मी तेच मराठीत उतरवलं. 'गाड्या संथ, शहर रिकामं, पाचपैकी तीन तारे.' अंक आला. बाबा तो पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. माझं पान वाचून झालं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ट्रामचं नाही लिहिलंस?"

एवढंच. परत कधी तो विषय काढला नाही. २००९ मध्ये गेले.

आता तू म्हणशील, काका भावुक झाले. झालो. पण बघ, ती संध्याकाळ जर त्याच रात्री वहीत पाच ओळींत उतरली असती, तर सायबर कॅफेतली शंभर परीक्षणं वाचूनही मला ती खोडता आली नसती. ती लिहिलीच नव्हती, म्हणून ती माझ्या हातून सुटली आणि दुसऱ्याचे तीन तारे तेवढे राहिले.

तुझ्या लेखाचा खर्डा दाखवलास त्याबद्दलही बोलून घेतो, कारण इथे माझं डोकं फिरतं. 'ग्राफिक्स भारी, गेमप्ले स्मूथ, स्टोरी इमोशनल.' स्मूथ म्हणजे काय? लोणी? अशी वाक्यं कुठल्याही गेमला चिकटतात, म्हणून ती कुठल्याच गेमची नसतात. हाताला विचार. बोटं कुठे दुखली, कुठे तू खुर्चीत पुढे सरकलीस, कुठे जेवणाची हाक ऐकूनही उठली नाहीस.

'सिल्कसाँग'बद्दल तू एक ओळ लिहिलीस: 'डिफिकल्टी अनफेअर आहे.' ही पण ऐकीव. मी त्या गेमची वाट २०१९ पासून बघत होतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या त्या इवल्याशा टोळीने तो ४ सप्टेंबर २०२५ ला बाजारात सोडला, आणि त्या दिवशी दुकानांची संकेतस्थळं कोसळली तेव्हा मी ऑफिसात बसून दर दोन मिनिटांनी तेच पान उघडत होतो, पन्नाशीच्या माणसाने करू नये असं. माझ्या वहीत पहिल्या रात्रीची नोंद आहे: 'नायिका हॉर्नेट खाली मारताना तिरकी जाते. जुन्या गेमची सवय बोटांतून जात नाही. आठ वेळा काट्यांवर पडलो. एका फटक्यात दोन दोन मुखवटे (म्हणजे जीव) जातात, म्हणून पाच असूनही तीनच असल्यासारखं वाटतं.' सुंदर नाही लिहिलेलं. पण नेमकं आहे. आणि नेमकं होतं म्हणूनच नंतर तुझ्या भावाला विचारता आलं, "ही तिरकी का जाते?" तो म्हणाला, "काका, क्रेस्ट बदला, वॉन्डररचा घ्या, सरळ खाली मारते." (क्रेस्ट म्हणजे तिची लढायची ढब.) बघ, जगाला विचारायला माझी ना नाही. पण वहीत आधी माझा प्रश्न होता म्हणून जगाचं उत्तर कामाला आलं. तू 'अनफेअर' एवढंच घेऊन गेलीस तर जग तुला 'हो ना' किंवा 'खेळता येत नाही तुला' एवढंच म्हणेल.

काही दिवसांनी त्या लोकांनी सुरुवातीच्या दोनेक शत्रूंचा जोर थोडा कमी केला, ते तुला माहीत असेलच. माझी नोंद त्याच्या आधीची आहे. याचा मला उगाचच अभिमान आहे.

सकाळच्या मुलुंड-सीएसएमटी धीम्या गाडीत मी फोनवर 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम खेळतो. शेजारचे काका वाकून बघतात आणि तोंड फिरवतात, त्यांना वाटतं तीन पत्ती. पैसा एकही लावायचा नसतो हे सांगून थकलो. त्याची नोंद एवढीच: 'भांडुप ते भायखळा. सातव्या पायरीला मेलो. उतरायचं स्टेशन गेलं असतं.' कॅनडातल्या ज्या एकट्या माणसाने तो बनवला त्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

आणि बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, यादीत का नाही? दोन वर्षं तू आणि तुझा भाऊ गच्चीवर तेच खेळत होतात. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली त्या संध्याकाळी आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात जी शांतता होती, ती मी लिहून ठेवली आहे. 'तो काय सिरियस गेम नाही' असं तुला कुणी सांगितलं? परत तेच. आधी दुसऱ्याचं, मग आपलं.

तू विचारलं होतंस की ते पान मी का सोडलं. रविवारी मी टाळलं. २००६ मध्ये मासिकाने सांगितलं की गेम हातात आल्यापासून चार दिवसांत परीक्षण पाहिजे, तारे पाहिजेत, आणि जमत नसेल तर बाहेरचं वाचून करा. मी नाही म्हणालो. काकूचं अजून म्हणणं आहे की थोडं जुळवून घेतलं असतं तर नाव झालं असतं, माझ्यानंतर ज्याने ते पान घेतलं तो आज कुठच्या कुठे आहे. असेल. मी सोडलं ते बरोबर होतं. चार दिवसांत चाळीस तासांचा गेम कळत नाही, पगारपत्रकं सांभाळून तर नाहीच. बरोबरच होतं. ट्रामच्या आधी नाही म्हणायला हवं होतं, एवढंच.

तुला हे परवडणार नाही, हेही मला दिसतं. तुझ्या वयात सगळे बोलत असताना गप्प राहणं म्हणजे गाडी सुटणं. गेम आला त्या आठवड्यात बोललीस तर लोक ऐकतात, महिन्याने कोण विचारतो? म्हणून मी 'थांब' म्हणत नाही. दोनच तास खेळलीस तर 'दोन तास खेळले' असं वर लिही आणि त्या दोन तासांचंच लिही. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत घेतं, म्हणजे तेवढ्यात माणसाचं मत होतं हे त्यांनाही मान्य आहे. पण ते दोन तास तुझे असू देत. तिसऱ्या अंकाचं पेसिंग तिसऱ्या अंकाला.

वही दुकानातली साधी घे, दोनशे पानी, उभ्या रेघांची नको. सुंदर वही घेतलीस की अक्षर काढत बसशील.

पुढच्या रविवारी ये. मी सध्या 'ब्लू प्रिन्स' या कोड्यांच्या गेममध्ये आहे. पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यात सेहेचाळिसावी शोधायची, रोज सकाळी वाडा कोरा, दर दाराशी तीनातून एक खोली निवडायची आणि दिवसाला मोजकी पावलं. दिवाणखान्यातल्या तीन पेट्यांवरची खरी-खोटी वाक्यं मला जमायला लागली आहेत, पण डार्टच्या पाटीवरचा हिशेब परवापासून अडला आहे. पगारपत्रकं करणाऱ्या माणसाचा हिशेब! वहीची अकरा पानं भरली. तुझ्या भावाने तो गेम संपवला आहे असं कळलं. त्याला सांग, माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही.

चहा या वेळी पुरा प्यायचा.

तुझा,
काका