रेड म्हणजे बॅकअप नव्हे

प्रश्न : मी घरच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फाइली, कॅलेंडर वगैरे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचे सॉफ्टवेअर) चालवतो आणि दोन डिस्क रेड १ पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती एकाच वेळी लिहिली जाईल अशा, जोडल्या आहेत. तरीही वेगळा बॅकअप हवा का?

उत्तर : हवाच. एक डिस्क बंद पडली तरी सेवा चालू राहावी, एवढ्यासाठीच रेड १ असते. चुकून पुसलेली फाइल मात्र त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून नाहीशी होते, आणि विजेच्या झटक्याने दोन्ही एकदमच जाऊ शकतात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळी माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर, हा जुना नियम मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो.

नेक्स्टक्लाउडच्या बाबतीत अनेक जण केवळ फाइलींचा फोल्डर उतरवून घेतात. पण वापरकर्ते, शेअर केलेल्या लिंक आणि कॅलेंडर डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे मेंटेनन्स मोड (वापरकर्त्यांचे काम तात्पुरते थांबवणारी सोय) चालू करून डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातील सगळ्या माहितीची फाइलरूपी प्रत, आणि सेटिंग्ज असलेला कॉन्फिग फोल्डरही घ्यावा लागतो. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची सॉफ्टवेअर वापरल्यास प्रती एन्क्रिप्ट करता येतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाहीत, आणि जुन्या आवृत्त्याही टिकतात; मात्र त्यांचा पासवर्ड सर्व्हरबाहेर, शक्यतो कागदावर, लिहून ठेवा. तो हरवला, तर बॅकअप उघडता येत नाही.

दुसऱ्या संगणकावर सगळे पूर्ववत करून पाहिल्याशिवाय कुटुंबाची छायाचित्रे या सर्व्हरच्या भरवशावर ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.